नॉर्डश्लाइफवरील आवाजांचे निदान आणि सस्पेन्शनची जुळवणी : प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

आसेत्तो कोर्सा या गाड्यांच्या शर्यतीच्या संगणकीय खेळातील जीटी३ या शर्यतीच्या स्पोर्ट्स गाड्यांच्या वर्गातली एक गाडी जर्मनीतील नॉर्डश्लाइफ या ट्रॅकसाठी जुळवून घेण्याचे काम आज हाती घेतले. गाडी मॉड स्वरूपातील, म्हणजे खेळाबाहेर बनवून त्यात जोडलेली असून तिचे डेटा फोल्डर खुले आहे. स्प्रिंग, डॅम्पर (स्प्रिंगची हालचाल आवरणारा भाग) आणि वस्तुमान यांचे आकडे फाइलमध्ये थेट वाचता येतात आणि हीच गाडी निवडण्याचे ते मुख्य कारण आहे. १९२७ मध्ये खुला झालेला हा २०.८३२ किलोमीटरचा ट्रॅक खेळात लेझर स्कॅन करून उतरवला असल्यामुळे त्याच्या डांबरातला लहानसहान उंचसखलपणाही चाकांपर्यंत पोहोचतो. गुळगुळीत ट्रॅकवर जी जुळवणी निर्दोष भासते, तिच्यातून येथे नाना प्रकारचे आवाज येऊ लागतात.

पहिल्याच फेऱ्यांत वेगवेगळे आवाज कानी पडले. वेग वाढला की चढत जाणारी एक शिट्टी होती. जोरात ब्रेक लावल्यानंतर सुरू होणारी आणि पुढे थांबतच नाही अशी एक घुमणारी थरथर होती. स्टीअरिंग सरळ असताना एक बारीक खडखड ऐकू येत होती, आणि मधूनच कडकड असा तुटक आवाजही येत होता. सर्वांत गंभीर वाटला तो फुक्सरोरे आणि फ्लान्त्सगार्टन या ट्रॅकच्या दोन भागांत, पहिल्याच्या तळाशी आणि दुसऱ्यामध्ये, ऐकू येणारा जड धपका, कारण त्या क्षणी गाडी खरोखरच आपली रेषा सोडत होती.

यातील एकाही आवाजासाठी आज सेटिंगला हात लावलेला नाही. आवाजाचे कारण कळण्याआधी स्प्रिंग बदलली, तर आवाज कदाचित जाईल. परंतु तो का गेला हे कळणार नाही आणि पुढच्या ट्रॅकवर तो परत येईल. तुलना खरी राहावी म्हणून ट्रॅकची पकड १००% वर, हवेचे तापमान २२ अंशांवर आणि इंधन ४० लिटरवर कायम ठेवले आहे, तसेच यांत्रिक हानी बंद केली आहे.

५ नोव्हेंबर

निदानाची पद्धत ठरवली. गाडीतील प्रत्येक आवाज कशाच्या तरी गतीशी बांधलेला असतो, आणि ती गती ओळखली की उगम सापडतो. इंजिनाशी बांधलेला आवाज फेऱ्यांबरोबर म्हणजे आरपीएमबरोबर चढतो-उतरतो. व्ही८ इंजिनात प्रत्येक फेऱ्यात चार स्फोट होतात, त्यामुळे ७,५०० आरपीएमला इंजिनाचा मूळ सूर ५०० हर्ट्झच्या आसपास असतो. चाकाशी बांधलेला आवाज रस्त्यावरील वेगाबरोबर बदलतो आणि गिअर कोणता आहे याची त्याला पर्वा नसते. सस्पेन्शनचा आवाज गाडीचे अंग दबते, उचलते किंवा कलते त्या क्षणी येतो. रस्त्याचा आवाज दर फेरीत त्याच जागी येतो, मग वेग काहीही असो.

म्हणून पहिली चाचणी अगदी साधी ठेवली. डॉटिंगर होए हा दोन किलोमीटरांहून लांब सरळ पट्टा आहे. तेथे पूर्ण वेग गाठायचा, गिअर न्यूट्रलला टाकायचा आणि गाडी नुसती वाहू द्यायची. इंजिनाबरोबर जो आवाज पडतो तो इंजिनाचा. उरतो तो चाकांचा, वाऱ्याचा किंवा रस्त्याचा. दुसरी सोय कोणत्याही खऱ्या कार्यशाळेत मिळणार नाही अशी आहे. ध्वनीच्या सेटिंगमध्ये इंजिन, टायर, वारा आणि पृष्ठभाग यांची पातळी वेगवेगळी लावता येत असल्यामुळे इंजिन पूर्ण गप्प करून बाकीची गाडी ऐकता येते. हे मी फार मोलाचे मानतो, कारण सस्पेन्शनचे बहुतेक आवाज इंजिनाखाली दडपून गेलेले असतात.

खऱ्या गाडीच्या दुरुस्तीचे ज्ञान येथे जपून वापरावे लागते. रस्त्यावरच्या गाडीत वळणावर टकटक आली, तर मेकॅनिक प्रथम रबरी बुश आणि बॉल जॉइंट तपासतो. या खेळात ते झिजत नाहीत. त्यामुळे संशयितांची यादी लहान होते, पण जे उरतात त्यांची तपासणी आकड्यांनीच करावी लागते.

७ नोव्हेंबर

शिट्टीचे निदान लवकर झाले. इंजिनाचा आवाज बंद केल्यावरही ती राहते, गिअर बदलताना तिचा सूर उडी मारतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर तिचा पोत थोडा बदलतो. ही सरळ दात्यांच्या गिअरची शिट्टी आहे. तिरक्या दात्यांचे गिअर हळूहळू एकमेकांत शिरतात. सरळ दाता मात्र आपल्या पूर्ण रुंदीने एकदम भिडतो आणि त्यामुळे सूर उमटतो. शर्यतीच्या गाडीत ही रचना जाणूनबुजून केलेली असते, त्यामुळे येथे काही करायचे नाही.

खडखड गाडीतून येतच नव्हती. हेडफोन काढल्यावर ती अधिक स्पष्ट ऐकू आली; टेबलावर बसवलेल्या, गिअरवर चालणाऱ्या स्टीअरिंगच्या दात्यांमधल्या फटीचा तो आवाज आहे. सरळ रस्त्यावर फोर्स फीडबॅक, म्हणजे खेळ स्टीअरिंगवर मोटरने देतो तो जोर, शून्याच्या दोन्ही बाजूंना झपाट्याने दिशा बदलतो, आणि प्रत्येक बदलात दाते एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटतात. रस्त्याच्या कृत्रिम कंपनांची पातळी कमी केल्यावर ती जवळजवळ नाहीशी झाली.

तुटक कडकड रिप्लेमध्ये त्याच जागी पुन्हा येत नाही. गर्दीच्या सुरुवातीला, प्रोसेसरवर ताण असतानाच येते. ध्वनीचा बफर (आवाज वाजण्याआधी साठवण्याची जागा) वेळेत न भरल्याची ही खूण आहे. समोरच्या प्रतिस्पर्धी गाड्या कमी केल्या आणि ती थांबली. सस्पेन्शनच्या कामाशी तिचा संबंध नाही, म्हणून तो विषय येथेच बंद करतो.

८ नोव्हेंबर

थरथरीकडे वळलो. न्यूट्रलमध्ये ती टिकून राहते, वेगाबरोबर तिची लय वाढते आणि नवीन टायर चढवल्यावर ती पूर्ण जाते. चाक लॉक होऊन रस्त्यावर घासले गेले की टायरचा एक भाग सपाट होतो. त्यानंतर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो भाग एकदा रस्त्याला लागतो. हिशेब करून पाहिला. टायरची फिरती त्रिज्या ०.३४ मीटर धरली तर परीघ २.१४ मीटर येतो. ताशी ९० किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला २५ मीटरला, चाक सेकंदात ११.७ वेळा फिरते, आणि ताशी १८० ला २३.४ वेळा. रिप्लेचा ध्वनी नोंदवून ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रणालीत लहरींचे ठोके मोजले असता ते याच आकड्यांशी जुळले.

या तपासणीत एक गोष्ट अशी सापडली की जिच्यावर थोडे थांबावेसे वाटते. थरथर वेगाबरोबर सतत वाढत गेली नाही. ताशी १२० किलोमीटरच्या सुमारास ती सर्वांत तीव्र होती आणि त्यापुढे, लय अधिक जलद होऊनही, तिचा जोर ओसरला. याचे कारण सस्पेन्शनमध्ये आहे. चाक, हब आणि ब्रेक यांचे स्प्रिंगखालचे वस्तुमान पुढच्या बाजूला प्रत्येकी ३८ किलो आहे. टायरचा उभा ताठरपणा सुमारे २५० न्यूटन प्रति मिमी आणि स्प्रिंगचा ११० न्यूटन प्रति मिमी आहे. या दोन्हींच्या मधोमध सापडलेल्या चाकाची स्वतःची कंपनसंख्या १५.५ हर्ट्झच्या आसपास येते. टायरचा सपाट भाग सेकंदाला १५.५ ठोके देतो तो वेग म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, ताशी ११९ किलोमीटर. म्हणजे त्या वेगाला टायरचा ठोका आणि चाकाचे स्वाभाविक उसळणे यांची गाठ पडते. आवाजाची केवळ लयच नव्हे, त्याचा जोर कोणत्या वेगाला शिगेला पोहोचतो हेही लिहून ठेवावे, हे यापुढे या नोंदींत पाळायचे आहे.

उपाय सस्पेन्शनचा नाही. चाक लॉक होऊ न देणारा एबीएस एक पायरी वाढवला आणि ब्रेकचा समतोल थोडा मागे नेला, कारण लॉक होणारे चाक नेहमी पुढचे, वळणाच्या आतल्या बाजूचे होते.

११ नोव्हेंबर

आता मुख्य प्रश्न. फुक्सरोरे हा उतारावरचा वेगवान भाग असून त्याच्या तळाशी रस्ता एकदम वर वळतो. गाडी तेथे खाली दाबली जाते. फ्लान्त्सगार्टनमध्ये उलट गाडी हवेत उडते आणि खाली आदळते. दोन्ही ठिकाणचा धपका कानाला जवळजवळ सारखाच वाटतो, म्हणून दोन्हींचे कारण एकच असेल असे गृहीत धरण्याचा मोह होतो. टेलिमेट्रीने, म्हणजे गाडी चालत असताना नोंदलेल्या आकड्यांनी, ते गृहीत धरू दिले नाही.

खेळ आपल्या शेअर्ड मेमरीतून प्रत्येक चाकाचा सस्पेन्शन प्रवास, चाकावरील भार आणि गाडीच्या पुढच्या व मागच्या तळाची जमिनीपासूनची उंची देतो. फुक्सरोरेच्या नोंदीत सस्पेन्शनचा प्रवास आपल्या मर्यादेपर्यंत गेलेला नाही, मात्र पुढच्या तळाची उंची शून्याला टेकलेली दिसते. फ्लान्त्सगार्टनमध्ये तळाला अजून जागा आहे, परंतु मागच्या सस्पेन्शनचा प्रवास बम्प स्टॉपवर (प्रवासाच्या शेवटी असलेल्या अडथळ्यावर) जाऊन आलेख अचानक सपाट होतो. पहिल्या ठिकाणी गाडीचा तळ रस्त्यावर आपटतो आणि दुसऱ्या ठिकाणी सस्पेन्शन आपल्याच अडथळ्यावर आपटते. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू केला असता तर एक जागा सुधारली असती आणि दुसरी बिघडली असती.

इंजिनाचा आवाज बंद करून पुन्हा ऐकल्यावर फरक कानालाही कळला. तळाच्या धपक्यामागे घासण्याची लहानशी खरखर असते. बम्प स्टॉपचा ठोका कोरडा असतो आणि तिथेच संपतो.

१२ नोव्हेंबर

फुक्सरोरेचा हिशेब मांडला. पुढच्या प्रत्येक चाकावर स्प्रिंगवरचे वस्तुमान २८० किलो आहे. फाइलमधील ११० न्यूटन प्रति मिमी हा आकडा चाकापाशी धरलेला ताठरपणा आहे, त्यामुळे लिव्हरचे गुणोत्तर वेगळे लावावे लागत नाही. उताराच्या तळाशी गाडीवर ०.८ जी, म्हणजे वजनाच्या ०.८ पट, एवढा जादा उभा भार येतो. त्याने स्प्रिंग २० मिमी दबते. ताशी २४० किलोमीटरला हवेच्या दाबाचे सुमारे ६०० न्यूटन प्रत्येक पुढच्या चाकावर येतात, त्याचे ५.५ मिमी. याच दोन भारांनी टायर ११ मिमी चेपतो. एकूण ३६.५ मिमी. पुढची स्थिर उंची ५० मिमी आहे, म्हणजे १३.५ मिमी शिल्लक राहायला हवेत आणि तळ टेकायला नको.

तरीही तो टेकतो. आणि आलेखात दिसते की तो सर्वांत मोठ्या उंचवट्यावर टेकत नाही, तर पाठोपाठ येणाऱ्या लहान उंचवट्यांच्या मालिकेच्या शेवटी टेकतो. हाच धागा निर्णायक ठरला. पहिल्या उंचवट्याने दबलेले सस्पेन्शन दुसरा येईपर्यंत पुरते उघडत नाही. दुसरा त्याला आणखी खाली नेतो, तिसरा त्याहून खाली, आणि गाडी पायरीपायरीने बसत जाते. दोष रिबाउंडचा आहे, म्हणजे डॅम्पर उघडताना जो विरोध करतो त्याचा.

आकडे याला दुजोरा देतात. पुढचे रिबाउंड १३,००० न्यूटन-सेकंद प्रति मीटर होते. या वस्तुमानाला आणि स्प्रिंगला क्रांतिक डॅम्पिंग (अंग न डोलता सर्वांत लवकर जागेवर येईल एवढा विरोध) ११,१०० येते, म्हणजे रिबाउंड त्याच्या १.१७ पट होते. डॅम्परला स्प्रिंगने भागले असता उघडण्याचा कालांक (परत येण्याच्या वेळेचे माप) ०.११८ सेकंद येतो. तेथे उंचवटे साधारण ६ मीटरवर आहेत असे धरले आणि ताशी २१० किलोमीटरचा वेग घेतला तर दोन उंचवट्यांमध्ये ०.१०३ सेकंद मिळतात. तेवढ्यात सस्पेन्शन फक्त ५८% परत येते. प्रत्येक उंचवटा १० मिमी दाबत असेल तर मालिकेअखेर दबलेपण १७ मिमीवर स्थिरावते. शिल्लक होते १३.५ मिमी. तळ टेकणारच.

हा हिशेब ढोबळ आहे, चाकाचे वस्तुमान त्यात धरलेले नाही, हे ध्यानात ठेवूनही दिशा स्पष्ट आहे. रिबाउंड ८,००० ला आणले तर कालांक ०.०७३ सेकंद होतो, परतावा ७६% होतो आणि मालिकेअखेरचे दबलेपण १३.२ मिमी राहते.

१४ नोव्हेंबर

पुढचे रिबाउंड ८,००० केले, बाकी सर्व जसेच्या तसे. फुक्सरोरेतील धपका गेला. राहिली ती कधीमधी येणारी हलकी खरखर, कारण हिशेबाने उरणारे ०.३ मिमी कोणत्याही रेषेवर पुरेसे नाहीत. म्हणून पुढची आणि मागची उंची प्रत्येकी ३ मिमी वाढवली. दोन्ही सारख्याच वाढवण्याचे कारण असे की केवळ पुढची वाढवल्यास गाडीचा पुढे झुकलेला कल कमी होतो, हवेचा दाब मागे सरकतो आणि वेगवान वळणांवर नवीन अंडरस्टिअर, म्हणजे स्टीअरिंग वळवूनही गाडी कमी वळणे, पदरी पडते.

धपका घालवण्यासाठी स्प्रिंग ताठ करण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो या ट्रॅकसाठी मला मान्य नाही. ११० न्यूटन प्रति मिमीला पुढच्या अंगाची कंपनसंख्या ३.१५ हर्ट्झ आहे, जी खडबडीत रस्त्यासाठी आधीच वरच्या बाजूला आहे. स्प्रिंग आणखी ताठ केली तर चाकावरचा भार अधिक खालीवर होतो, आणि टायरची पकड भाराच्या केवळ सरासरीवर नव्हे तर त्याच्या सातत्यावरही टिकते. आवाज बंद होईल आणि वेळ वाढेल, असा तो उपाय आहे.

रिबाउंड कमी करण्याची किंमत मात्र मोजावी लागली. ब्रेक सोडल्यावर आणि अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर गाडीचे नाक आता लवकर उचलते, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना पुढच्या चाकांवरचा भार लवकर निघून जातो. हेही प्रथम कानाने कळले. स्टीअरिंग हलके होत असताना पुढच्या टायरचा घासटणारा आवाज वाढत गेला, म्हणजे चाक वळवूनही गाडी वळत नव्हती. पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे रोखणारा दांडा) एक पायरी मऊ केल्यावर तो आवाज पुन्हा मागच्या टायरच्या बरोबरीला आला. टायर कोणत्या टोकाला आधी ओरडतो हे ऐकण्यासाठी इंजिनाची पातळी निम्म्यावर ठेवणे यापुढेही सोयीचे राहील.

१७ नोव्हेंबर

फ्लान्त्सगार्टन. येथे गाडी हवेत किती काळ आहे हे इंजिनच सांगते: अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असेल तर चाके जमीन सोडताच आरपीएम उसळी घेते आणि टेकताच कोसळते. हा सूर जेवढा लांब, तेवढे आदळणे जड. कारण पेलायची ऊर्जा उभ्या वेगाच्या वर्गाने वाढते.

मागचा बम्प स्टॉप उशिरा लागत होता आणि लागला की फार ताठ होता. त्याचे अंतर ८ मिमीने कमी केले, म्हणजे तो आता आधी भेटतो, आणि त्याचा ताठरपणा पुष्कळ उतरवला, जेणेकरून शेवटचा प्रवास एका ठोक्यात न संपता हळूहळू अडवला जाईल. त्यासोबत मागचा फास्ट बम्प दोन पायऱ्या वाढवला. फास्ट बम्प हा डॅम्परच्या जलद हालचालींचा विरोध असून कर्बवर आणि उडीनंतर तोच कामाला येतो. वळणावर गाडी सावकाश कलते तेव्हा काम करतो तो स्लो बम्प, म्हणून त्याला हात लावला नाही. आलेखातील सपाट भागाची जागा आता गोलसर शिखराने घेतली आहे आणि ठोका मंदावून ऐकू येईल न येईल एवढाच उरला आहे. उडीपूर्वी स्टीअरिंग सरळ करणे आणि हवेत असताना अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडणे, या दोन गोष्टींचा वाटा सेटिंगपेक्षा कमी नाही.

१९ नोव्हेंबर

कारुसेल या वळणातील तिरप्या काँक्रीटच्या पट्ट्यात येणारी ठकठक तपासली. ती गाडीच्या वेगाबरोबर जलद-मंद होते, दर फेरीत तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. काँक्रीटच्या लाद्यांच्या सांध्यांचा हा आवाज आहे. सस्पेन्शन मऊ करून तो कमी करता येतो. पण त्यासाठी बाकीच्या वीस किलोमीटरांची घडी मोडावी लागेल, म्हणून तो तसाच ठेवला आहे. तेथे एवढेच पाहिले की सांध्यांमधल्या अंतरात चाकावरचा भार शून्यावर जात नाही. पुढच्या चाकांचा गेला नाही. मागच्या आतल्या चाकाचा काही सांध्यांवर गेला, आणि आलेखाचा आकार पुढच्या जुन्या रिबाउंडसारखाच आहे: चाक सांध्यानंतर खाली यायला वेळ लावते.

मागचे रिबाउंड १३,८०० आहे. मागे प्रत्येक चाकावर ३३० किलो आणि स्प्रिंग १२५ न्यूटन प्रति मिमी असल्यामुळे क्रांतिक डॅम्पिंग १२,८५० येते, म्हणजे गुणोत्तर १.०७. ते पुढच्याप्रमाणे ०.७२ वर आणायचे तर रिबाउंड ९,२५० च्या जवळ हवे. पुढच्या सत्रात तेवढा एकच बदल करून कारुसेल आणि फ्लान्त्सगार्टन या दोन्ही ठिकाणच्या मागच्या चाकांचे आलेख १७ नोव्हेंबरच्या आलेखांशी ताडून पाहायचे आहेत, कारण मागचे रिबाउंड कमी झाल्यावर उडीनंतर गाडी पुन्हा उसळण्याची शक्यता आहे.